आईच्या जुन्या कॅबिनेटला रंग द्यावा का?

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनींच्या घरी त्यांच्या आईने १९९७ साली घेतलेल्या संगणकाचे उभे कॅबिनेट आहे. त्या संगणकावर आईने अनेक वर्षे टंकलेखनाची कामे केली. आतले भाग केव्हाच निकामी झाले, कॅबिनेट मात्र राहिले. त्याचा प्लॅस्टिकचा दर्शनी भाग पिवळा पडला आहे, बाजूच्या पत्र्यांवर ओरखडे आहेत आणि तळाच्या कडेला गंज धरला आहे. सगळे कॅबिनेट काळ्या रंगाने रंगवून, आत नवे भाग बसवून ते रोज वापरावे, अशी या भगिनींची इच्छा आहे. धाकटा भाऊ म्हणतो की त्याला हात लावू नये, कारण आईने स्वतःच्या अक्षरात लिहून दर्शनी भागावर चिकटवलेली ‘आधी सेव्ह, मग बंद’ ही पट्टी रंगाखाली जाईल. दरम्यान त्यांनी बाजूच्या एका पत्र्यावर स्प्रेचा काळा रंग मारून पाहिला, तो आठवड्याभरात नखाने सोलून निघाला. भावाचे ऐकावे की आपले खरे करावे आणि रंग का टिकला नाही, असे त्या विचारतात.

तुमच्या पत्रात ‘कॅबिनेट खराब झाले आहे’ हे वाक्य दोनदा आले आहे आणि दोन्ही वेळा त्यावरचा उपाय म्हणून पुढे रंगच आला आहे. मला तिथेच थोडे थांबावेसे वाटते. तुम्ही वर्णन केलेल्या कॅबिनेटला एक नव्हे, चार वेगवेगळी दुखणी आहेत. वरवरचा मळ आहे, प्लॅस्टिकचा पिवळेपणा आहे, पत्र्यावरचे ओरखडे आहेत आणि तळाचा गंज आहे. यांपैकी मळाला साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. ओरखडे आणि गंज यांना मात्र रंगाचीच गरज आहे. पिवळेपणाचे प्रकरण वेगळे आहे आणि तुमच्या व भावाच्या वादाचे मूळ नेमके तिथे आहे, असे मला वाटते.

त्या काळातले दर्शनी भाग बहुधा एबीएस प्लॅस्टिकचे असत. या प्लॅस्टिकमध्ये ब्युटाडीन हा रबरासारखा घटक असतो. उजेडातले अतिनील किरण, यंत्राची उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांच्यामुळे तो वर्षानुवर्षे हळूहळू बदलत जातो. आग लवकर धरू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली ब्रोमीनयुक्त द्रव्येही या पिवळेपणाला हातभार लावतात. म्हणजे हा पिवळेपणा वर बसलेला मळ नसून प्लॅस्टिकच्या वरच्या थरातच झालेला बदल आहे, त्यामुळे तो कितीही घासला तरी जात नाही. खात्री करायची असेल तर दर्शनी भाग सांगाड्यापासून सोडवून त्याची आतली बाजू पाहा. तिथे तो फिकट राखाडी किंवा मोतिया रंगाचा असेल, १९९७ साली बाहेरूनही तसाच होता. हे काम करताना सांभाळा, कारण इतक्या जुन्या प्लॅस्टिकच्या खुंट्या ठिसूळ झालेल्या असतात. खोली उबदार असताना, एकेक खुंटी आतून दाबत भाग सुटा करावा. एका बाजूने ओढून काढू नये.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही आणि भाऊ एकाच वस्तूबद्दल बोलत आहात असे दोघांनीही गृहीत धरले आहे. माझ्या मते भाऊ दर्शनी भागाबद्दल बोलतो आहे आणि तुमची खरी तक्रार पत्र्याबद्दल आहे. आईचा हात रोज जिथे लागला ते बटण, ती फ्लॉपीची फट आणि ती पट्टी हे सारे प्लॅस्टिकवर आहे. गंज आणि ओरखडे पत्र्यावर आहेत. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की पत्रा मनापासून रंगवा आणि दर्शनी भागाला रंग लावू नका. हे केवळ भावाचे मन राखण्यासाठी सांगत नाही. दर्शनी भागाच्या पृष्ठभागावर साच्यातून आलेली बारीक रवाळ पोत असते. रंग धरावा म्हणून ती घासली की कायमची जाते. शिवाय रंगाच्या थरांनी बटण अडकते, ड्राइव्हचा ट्रे कडेला घासतो आणि दिव्याची काच झाकली जाते. पत्र्यावर चुकलेला रंग खरवडून पुन्हा देता येतो. एबीएसवर चुकलेला रंग काढायला जे थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागेल, ते प्लॅस्टिकच विरघळवते.

यावर तुम्ही म्हणाल की पिवळ्या तोंडाला काळे अंग कसे शोभेल. पूर्ण काळा रंग मी सुचवणार नाही, पण मूळ मोतिया छटेशी जुळवण्याच्या नादालाही लागू नका. पत्र्याचा आणि प्लॅस्टिकचा रंग अगदी थोडक्यात चुकला की कॅबिनेट मळके दिसते, आणि प्लॅस्टिक पुढेही बदलत राहणार असल्यामुळे आज जुळलेली छटा काही वर्षांनी जुळणारच नाही. त्यापेक्षा उघडपणे वेगळा असलेला गडद राखाडी किंवा खोल निळसर करडा रंग जुन्या हस्तिदंती छटेला चांगला उठाव देतो. चकचकीत रंग पत्र्यातला प्रत्येक पोचा दाखवतो आणि अगदी निस्तेज मॅट रंगावर बोटांचे तेलकट डाग बसतात, म्हणून मधला, मंद चमकीचा रंग घ्यावा.

रंगाच्या आधी एक तपासणी अत्यावश्यक आहे. १९९५ साली एटीएक्स हा संगणकाच्या भागांच्या मापांचा आणि जोडणीचा नवा आराखडा आला, पण त्यानंतरही काही वर्षे जुन्या एटी पद्धतीची कॅबिनेटे विकली जात होती, त्यामुळे १९९७ चे कॅबिनेट दोन्हीपैकी कोणतेही असू शकते. पुढचे बटण दाबल्यावर खटकन आत बसून राहत असेल आणि पुन्हा दाबल्यावर बाहेर येत असेल, तर ते एटी असण्याचा संभव मोठा आहे. अशा कॅबिनेटमध्ये घरातल्या विजेचा पूर्ण दाब जाड वायरींमधून थेट त्या बटणापर्यंत येतो. म्हणून भिंतीतला प्लग काढल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नका. पॉवर सप्लायचा डबा अखंड बाहेर काढा, तो उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरांमध्ये वीज साठून राहू शकते. जुना पॉवर सप्लाय पुन्हा वापरायचा विचारही नको. मागच्या बाजूला सुमारे १५९ बाय ४४.५ मिलिमीटरची आडवी चौकोनी खिडकी असेल तर कॅबिनेट एटीएक्सचे आहे आणि आजचा मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) त्यात बसू शकेल. ती नसेल तर पत्रा कापणे, आधाराचे खांब नव्याने बसवणे अशी कामे निघतील, आणि ती सगळी रंगाच्या आधी उरकावी लागतील. हवा खेळण्याची सोयही आत्ताच पाहून घ्या. त्या काळी ८० मिलिमीटरचा एखादा पंखा पुरत असे, आजच्या भागांची उष्णता त्याला झेपेलच असे नाही. पंख्यासाठी भोक पाडायचे असेल तर तेही रंगाच्या आधीच.

तुमचा रंग सोलून का निघाला, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘कोरड्या फडक्याने नीट पुसून’ रंग मारला, असे तुम्ही लिहिले आहे. कारखान्यात भट्टीत पक्का केलेला जुना रंग गुळगुळीत आणि कठीण असतो. नव्या रंगाला त्यावर पकड मिळत नाही आणि हातांचे तेल किंवा पूर्वी कधी वापरलेले पॉलिश मध्ये असले तर उरलीसुरली पकडही जाते. दुसरी शक्यता पत्र्याची आहे. संगणकाच्या कॅबिनेटचा पत्रा बऱ्याचदा जस्ताचा पातळ मुलामा दिलेला असतो, आणि उघड्या जस्तावर नेहमीचा तेलरंग थेट दिला तर जस्त व रंगातले तेल यांच्यातल्या रासायनिक क्रियेमुळे साबणासारखा थर तयार होतो. रंग मग पापुद्र्यासारखा सुटतो. सोललेल्या पापुद्र्याखाली जुना रंग दिसत असेल तर कारण पहिले, चकाकता उघडा धातू दिसत असेल तर दुसरे.

म्हणून आता त्या पत्र्यावरचा काळा रंग सगळा काढा. सैल थरावर नवा थर देऊन काही साधत नाही. मग भांडी घासण्याच्या द्रवसाबणाने पत्रे धुवा, पुसून पूर्ण कोरडे करा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा घालवा. यानंतर पत्र्याच्या तोंडाला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, रबरी हातमोजे घालायचे. जुना रंग घट्ट असेल तर तो काढायची गरज नाही. ३२० ते ४०० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा घासकागद) पाण्यात भिजवून हलक्या हाताने सगळीकडे फिरवा, चमक जाऊन पृष्ठभाग सारखा निस्तेज दिसू लागला की पुरे. अधिक जोर लावला तर खालचे जस्त निघून जाते, आणि पत्र्याला गंजापासून वाचवणारे तेच असते. ओल्या कागदाचा आणखी एक फायदा असा की जुन्या रंगाची भुकटी हवेत उडत नाही.

तळाचा गंज मात्र तारेच्या ब्रशने आणि १८० नंबरच्या पेपरने स्वच्छ धातू दिसेपर्यंत काढावा लागेल. खड्ड्यांत उरलेल्या काळपट गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रव मिळते. ते डब्यावर सांगितलेल्या वेळेपुरते लावून, सांगितल्याप्रमाणे धुऊन किंवा वाळवून घ्यावे. पोचे भरायचे असतील तर लांबी (पुट्टी) पातळ लावा, वाळल्यावर घासून सपाट करा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात, पण बोटाला जाणवणारी लांबीची कड रंगानंतर डोळ्यांनाही दिसते.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, निवडताना डब्यावर ‘जस्ताच्या मुलाम्यासाठी योग्य’ असे लिहिले आहे का, ते वाचून घ्या. जिथे धातू उघडा पडला आहे तिथे असाच प्रायमर हवा. त्याचे दोन पातळ हात द्या, वाळल्यावर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने मऊ करा, पुसा आणि मग रंगाकडे वळा. स्प्रेचा डबा आतली गोळी खडखडू लागल्यापासून किमान दोन मिनिटे हलवावा. पत्र्यापासून २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, फवारा पत्र्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर साधारण निम्मा चढवा. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. एका हातात झाकायला गेलात की ओघळ आलेच. दोन हातांमध्ये दहापंधरा मिनिटे जाऊ द्यावीत, पण डब्यावरची सूचना इथे शेवटचा शब्द समजावी, कारण काही एनॅमल रंगांना तासाभरात दुसरा हात द्यावा लागतो, नाहीतर एकदोन दिवस थांबावे लागते. मधल्या काळात दिलेला हात खालचा थर फुगवतो आणि रंगाला सुरकुत्या पडतात. दमट हवेत लॅकर रंगावर पांढुरके धुके धरते, तेव्हा कोरडा दिवस निवडा.

पहिला प्रयोग पत्र्यावरही करू नका. पुढच्या सव्वापाच इंची रिकाम्या खणाच्या आत बहुतेक कॅबिनेटांत एक छोटी धातूची झापड असते, किंवा मागे कार्डांच्या खाचा झाकणाऱ्या अरुंद पट्ट्या असतात. त्यांतली एक घेऊन तिच्यावर घासण्यापासून शेवटच्या हातापर्यंत सगळे करून पाहा. आठवड्याने तिच्यावर नख ओढा. ती टिकली तर पत्रे टिकतील.

रंगकाम उघड्यावर किंवा वारा सतत वाहून जाईल अशा जागी करावे, आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नसावी, कारण डब्यातला दाबाचा वायू आणि रंगातले द्रावक दोन्ही चटकन पेट घेतात. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क रंगाचे तुषार थोडे अडवील, पण द्रावकांची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांची गाळणी असलेला मास्क लागतो. हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) फार टिकाऊ असतो हे खरे, तरी घरी तो वापरू नका. त्यातली आयसोसायनेट द्रव्ये श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. पावडर कोटिंग (कोरडी रंगभुकटी भट्टीत तापवून बसवणे) करून घ्यायचा पर्याय चांगला आहे, पण त्यासाठी भाग साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसच्या भट्टीत जातो आणि एबीएस सुमारे १०५ अंशांलाच मऊ पडते. तेव्हा प्लॅस्टिकची प्रत्येक खुंटी, रबराचा प्रत्येक पाय निघत असेल तरच त्या वाटेला जावे.

आता वाळण्याबद्दल, कारण माझ्या हातून झालेली चूक तुमच्या हातून होऊ नये. मी रंगवलेला पहिला पत्रा दुसऱ्या दिवशी बोटाला कोरडा लागला, म्हणून मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात उभा ठेवला. चार दिवसांनी कागद काढला तेव्हा एका बाजूच्या रंगावर कागदाच्या घड्या उमटल्या होत्या, आणि तिरप्या उजेडात धरल्यावर बातमीच्या मथळ्याची उलटी अक्षरे वाचता येत होती. तो पत्रा मला पुन्हा घासावा लागला. बोटाला कोरडा लागणारा रंग आतून मऊ असतो. एनॅमल पुरता कडक व्हायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. तोवर पत्रे कडेवर उभे, कशालाही न टेकवता ठेवा आणि सरकवून बसवायचे पत्रे तर त्याआधी मुळीच बसवू नका, कारण खाचेत शिरताना त्यांचीच कड पहिली सोलली जाते.

ज्या जागा रंगवायच्या नाहीत, त्यांची आखणी रंगाच्या आधी मास्किंग टेपने करून घ्या. रंग वीज वाहून नेत नाही, आणि कॅबिनेटचा सांगाडा हा अर्थिंगचा आणि विद्युत गोंगाट आत कोंडून ठेवण्याचा भाग असतो. म्हणून मदरबोर्डच्या खांबांच्या जागा, पॉवर सप्लाय जिथे स्क्रूने आवळला जातो ती मागची चौकट, मागच्या खिडकीच्या कडा आणि बाजूचे पत्रे सांगाड्याला जिथे टेकतात त्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या उघड्या धातूच्याच राहू द्या. स्क्रूच्या भोकांत जुने निरुपयोगी स्क्रू अर्धे आत फिरवून ठेवले की आटे रंगाने बुजत नाहीत. सांगाड्याची आतली बाजू रंगवण्याची मला तर गरज वाटत नाही. तिचा जस्ताचा मुलामा शाबूत असेल तर ती तशीच चांगली आहे, आणि सांगाडा पूर्ण रंगवायचा म्हणजे रिव्हेट ड्रिलने काढून परत ठोकणे आले. जोडणी झाल्यावर, प्लग लावण्याआधी, मल्टिमीटरने पॉवर सप्लायच्या प्लगची अर्थिंगची पिन आणि बाजूच्या पत्र्याची आतली उघडी कड यांच्यात जोड लागते का, ते जरूर तपासा.

राहिला दर्शनी भाग. तो साबणाने धुऊन तसाच पिवळा ठेवावा, हे माझे मत. तुम्हा तिघांना तो उजळावा असे वाटलेच, तर हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत आहे, जी जुने संगणक जपणाऱ्या हौशी मंडळींत २००८ च्या सुमारास रूढ झाली. केसांना रंग देण्यापूर्वी वापरतात ते १२ टक्क्यांचे पेरॉक्साइड क्रीम सुट्या केलेल्या प्लॅस्टिकवर सारखे पसरतात, सुकू नये म्हणून पारदर्शक फिल्मने गुंडाळतात आणि काही तास उन्हात ठेवून मधूनमधून क्रीम फिरवत राहतात. क्रीम कुठे सुकले किंवा फिल्मखाली हवेचे बुडबुडे राहिले की तिथे ढगाळ पट्टे उमटतात, आणि जास्त वेळ ठेवले तर प्लॅस्टिक खडूसारखे पांढरे पडते. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हे क्रीम त्वचा भाजते. शिवाय पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो.

आणि तुम्हा तिघांना असे मी मुद्दाम लिहिले. तुमच्या पत्रात तुमचे मत आहे, भावाचे आहे; ज्यांचा तो संगणक होता त्या आईचे नाही. तुम्ही फक्त एवढेच लिहिले आहे की ‘आई काही बोलत नाही’. पहिला स्क्रू सोडण्याआधी त्यांना शेजारी बसवून विचारा. पट्टी त्यांनी कुणासाठी लिहिली होती, हेही विचारा. कदाचित ती तुम्हा भावंडांसाठीच असेल. दर्शनी भाग पिवळाच ठेवायचे ठरले, तर पट्टी जागेवरून हलवायची गरजच नाही. उजळायचे ठरले तर मात्र ती आधी काढावी लागेल, कारण पेरॉक्साइड शाई आणि कागद दोन्ही खाऊन टाकील. तिचा जवळून फोटो घ्या. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा अर्धा मिनिट द्या, मग बारीक नायलॉनचा दोरा पट्टीच्या मागून करवतीसारखा मागेपुढे ओढत तिला सोडवा आणि कोऱ्या कागदावर चिकटवून ठेवा. तिच्याखाली एक फिकट चौकोन निघेल. उजेड न लागल्यामुळे तो बराचसा मूळ रंगाचा राहिलेला असेल. तो टेपने झाकून ठेवा आणि भोवतालचे प्लॅस्टिक उजळत नेताना दर तासाला क्रीम पुसून, टेपची कड उचलून त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही छटा जुळल्या की थांबा, भाग भरपूर पाण्याने धुऊन वाळवा आणि पट्टी पुन्हा त्याच चौकोनावर आईच्या हातून लावून घ्या.